लाल काच

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही जे कोणी एकमेकांच्या संपर्कात उरलो आहोत, त्यांनी फोनवरून विचारविनिमय केला. कोणी सुचवले, पहाटेच्या वंदनेविषयी लिहावे. कोणी म्हणाले, पावसाळ्यातल्या गरम पेजेविषयी आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या लोणच्याच्या फोडीविषयी लिहावे. पण बोलता बोलता प्रत्येक जण एकाच रात्रीपाशी येऊन थांबला आणि तिच्यामागोमाग एका संध्याकाळपाशी. रात्र गमतीची होती, संध्याकाळ भयाची. त्या दोहोंमधून आम्ही जे शिकलो, तेच येथे नोंदवीत आहोत.

रात्र होती २६ जानेवारी १९९० ची. सकाळी झेंडावंदन झाले, दुपारी कबड्डीचे सामने झाले आणि सायंकाळी सावंतवाडीच्या बाजारातून भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षातून उतरवून घेण्यासाठी आम्ही सातवी-आठवीची मुले फाटकापाशी ओळीने उभे राहिलो. सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. मागे स्वयंपाकघरातल्या मावशीही हात पुसत येऊन बसल्या. चित्रपट होता शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला, १९८७ सालचा 'मिस्टर इंडिया'.

तो चित्रपट आम्हांला इतका आपला का वाटला, हे तेव्हा सांगता आले नसते. आज सांगता येते. त्यात एक साधा माणूस डझनभर अनाथ मुलांना एका जुनाट घरात सांभाळतो. भाडे थकलेले असते, वाण्याची उधारी वाढलेली असते आणि ताटात जे असेल ते सर्वांनी वाटून घ्यायचे असते. सतरंजीवर बसलेल्या आमच्यापैकी कित्येकांची घरे तशीच होती. कोणाचे वडील मुंबईला गिरणीत होते आणि संपानंतर रिकाम्या हाताने परतले होते. कोणाला वडीलच नव्हते. वसतिगृहातही मोजून भाकऱ्या होत होत्या. त्यामुळे मनगटावरचे यंत्र दाबताच अदृश्य होणारा माणूस आमच्या दृष्टीने नंतरचा होता. आधी ते घर आमचे होते.

मध्यंतरासारखी कॅसेट बदलायची वेळ आली, तेव्हा मालवणकडच्या एका मुलाने उठून विज्ञानाच्या सरांना विचारले, "सर, पण तेका दिसता कसा?"

म्हणजे, अदृश्य झालेल्या माणसाला स्वतःला कसे दिसते? सगळे हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण तो उद्या सकाळी. आता सिनेमा बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक मोठी काचेची बरणी, बोरोसिलची एक परीक्षानळी आणि औषधांच्या दुकानातून आणलेली ग्लिसरीनची बाटली होती. सरांनी नळी आधी पाण्यात बुडवली. ती दिसत राहिली. मग बरणीत ग्लिसरीन ओतले, नळीही ग्लिसरीनने भरली आणि हळूच आत सोडली. नळी नाहीशी झाली. आम्ही बाकांवर चढलो. सरांनी समजावले की वस्तू दिसते, कारण प्रकाश तिच्यावरून परत फिरतो किंवा तिच्यातून जाताना वळतो. त्या काचेचा अपवर्तनांक आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्यामुळे प्रकाश न वळता, न परतता सरळ निघून जातो. हवेत माणूस अदृश्य व्हायचा तर त्याच्या हाडामांसातून प्रकाश असाच सरळ निघून गेला पाहिजे. "आणि डोळ्यातून?" सरांनी विचारले. डोळ्याच्या मागच्या पडद्याने, म्हणजे दृष्टिपटलाने, प्रकाश अडवून शोषला तरच दिसते. सगळाच प्रकाश आरपार गेला तर दृष्टिपटलाच्या हाती काहीच लागत नाही. अर्थात पूर्ण अदृश्य माणूस पूर्ण आंधळा असणार.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाची मान ताठ झाली. पण दुसरा एक जण हिरमुसून म्हणाला, "म्हणजे सगळा खोटाच?"

तेव्हा सरांनी खिशातून लाल जिलेटिनचा कागद काढला. चित्रपटातला अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो, हे आम्हांला ठाऊक होतेच. सरांनी एक पांढरा कागद दाखवला. त्याच्यावर लाल पेन्सिलीच्या दाट रेघोट्या होत्या, बाकी काही कळत नव्हते. लाल जिलेटिनमधून पाहिले तेव्हा रेघोट्या पुसल्यासारख्या झाल्या आणि त्यांच्याखाली फिकट निळ्या शाईत लिहिलेली ओळ काळी होऊन उमटली: 'सोमवारी चाचणी आहे.' लाल काच केवळ लाल प्रकाशच जाऊ देते. पांढरा कागद आणि लाल रेघ तिच्यातून सारखेच दिसतात, निळे मात्र काळे पडते. चित्रपटातले यंत्र अशक्यच होते, पण लाल प्रकाशात लपलेले उघडे पडावे या कल्पनेत कोठेतरी खऱ्याचा एक कण होता. चाचणी मात्र पूर्ण खरी निघाली.

त्या दिवसापासून वसतिगृहात एक नियम रुळला. रात्र सिनेमाची आणि सकाळ प्रश्नाची. रात्री मध्येच उठून 'असे होऊ शकत नाही' म्हणणाऱ्याला मुले खाली बसवीत, आणि सकाळी प्रश्न न आणणाऱ्याला सर उभे करीत.

पुढे शाळेच्या ग्रंथालयातून एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या 'अदृश्य माणूस' या कादंबरीची कथा आमच्या हाती आली. त्या माणसाचे कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणून त्याला थंडीत उघडे फिरावे लागते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहते. ते वाचून आम्ही चकित झालो. लेखकाने एक अशक्य गोष्ट मानून घेतली होती आणि तिचे परिणाम मात्र हिशेबीपणे, पै न पै मोजून दाखवले होते. आमच्या ध्यानात आले की गंमत आणि तर्क यांचे वैर नाही. खेळाचा नियम एकदा सांगितला की खेळणाऱ्याने तो पाळला पाहिजे. लाल प्रकाशात दिसणारा नायक शेवटी सोयीसाठी लाल प्रकाशातही दिसेनासा झाला असता, तर सतरंजीवरच्या लहानात लहान मुलाने आरडाओरडा केला असता. अपवर्तनांक त्याला ठाऊक नव्हता, पण अचपळ खोटेपणा त्याला कळत होता.

असेच आणखी एक खोटे आमच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते म्हणजे दशावतार. त्याच वर्षी फेब्रुवारीत जवळच्या गावच्या जत्रेला दशावतारी नाटक होते आणि आम्हांला जायचे होते. प्रश्न साधा नव्हता. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांनी अवताराची कल्पना सोडलेली होती. शिवाय आमच्यापैकी काहींच्या आजोबांनी हा खेळ मांडवाबाहेर, लांब अंधारात उभे राहूनच पाहिलेला होता. आम्ही भीत भीत भन्तेजींना विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "खेळ आहे, खेळ म्हणून पाहून या. उठताना पदरात काय बांधून आणले, ते मात्र परत आल्यावर सोडून दाखवा."

आम्ही मांडवात, पुढे बसलो. मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाकडे, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. तेच बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत. लिहिलेले संवाद नाहीत, नट तिथल्या तिथे बोलतात. पुरुषच राणी होतो आणि तिच्या रडण्याने बायका डोळ्यांना पदर लावतात. पहाटे खेळ संपला. रात्रभर ज्याच्या गर्जनेने आम्ही दचकत होतो, तो राजा अर्धवट पुसलेल्या रंगासह डोक्यावर पेटारा घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालला होता. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही आमच्याकडची म्हण आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. त्याला पाहून आमचा रात्रीचा आनंद कमी झाला नाही. उलट, एवढ्या बाकड्यावर त्याने एवढे राज्य उभे केले, याचा आदर वाटला. त्याने आम्हांला फसवले नव्हते. पेटारा सर्वांच्या देखत उघडला होता आणि सर्वांच्या देखतच बंद केला होता. भन्तेजींना आम्ही हेच सांगितले. ते नुसते हसले.

आता त्या संध्याकाळविषयी.

जून महिना होता. शाळा नुकतीच उघडली होती आणि पहिल्या पावसाने कातळ काळा झाला होता. खेळता खेळता चेंडू जांभ्याच्या गडग्याजवळ गेला. पाचवीतला एक नवा मुलगा तो काढायला वाकला आणि किंचाळला. गडग्याच्या खाचेत अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करीत फुरसे वेटोळे घालून बसले होते. चावा पायाच्या घोट्याजवळ होता.

आम्ही मोठी मुले होतो. काय करायचे ते आम्हांला 'ठाऊक' होते. गावच्या जत्रांतल्या तंबूत आम्ही नागनागिणींचे सिनेमे पाहिले होते. नायिकेला साप चावतो, नायक रुमाल फाडून पाय करकचून आवळतो, चाकूने चीर देतो, ओठांनी विष ओढून थुंकतो आणि पुढच्या दृश्यात ती डोळे उघडते. आम्ही चड्डीची नाडी काढून त्याच्या पोटरीवर आवळली. एकाने कंपासपेटीतून पेन्सिलीला टोक करायचे ब्लेड काढले. एक चीर दिली गेली. दुसरा एक जण ओठ लावायला वाकला होता, तेवढ्यात सर धावत आले आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून मागे ओढले.

ब्लेड कोणाच्या हातात होते, हे आम्ही तेव्हा सांगितले नाही आणि आजही सांगत नाही. ते आम्हा सगळ्यांच्याच हातात होते.

सरांनी मुलाला आडवे निजवले, त्याच्याशी शांतपणे बोलत राहिले, दोन लाकडी पट्ट्या लावून पाय टॉवेलने सैलसा बांधला आणि जीप मागवली. चिरेतून रक्त वाहात होते आणि ते थांबत नव्हते. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते, हे आम्हांला माहीत नव्हते. जो हात जीव वाचवायला पुढे झाला होता, त्यानेच रक्ताला आणखी एक वाट करून दिली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे थोडे रक्त एका स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घेतले आणि ती वीस मिनिटे न हलवता ठेवली. नंतर नळी तिरपी केली. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठते. त्याचे पाण्यासारखे ओघळले. मग शिरेतून प्रतिविष सुरू केले. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून, त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी काढून ते बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तो मुलगा वाचला. पाचव्या दिवशी परत आला. सापाच्या दातांच्या खुणा लवकर भरल्या, आमच्या ब्लेडची जखम मात्र बरेच दिवस ओली राहिली.

त्यानंतर अधीक्षकांनी ठरवले की वसतिगृहात चित्रपट बंद. असल्या खोट्या गोष्टी पाहूनच मुले बिघडतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर सरांनी दिले. आम्हा सर्वांच्या समोर त्यांनी विचारले, "मिस्टर इंडिया पाहून यांच्यातला कोणी स्वतःला अदृश्य समजून भिंतीवर आपटला का? दशावतार पाहून कोणी सिंहासन समजून बाकड्यासाठी भांडला का? नाही. ते खोटे आहे, हे त्यांना ठाऊक होते. ब्लेड त्यांनी काढले, ते जे खरे वाटले त्याच्यामुळे." मोठे खोटे उघड्या तोंडाने येते. लहान खोटे मात्र खऱ्याच्या कपड्यांत येते. नाग दूध पितो, पुंगी ऐकून डोलतो, मारणाऱ्याची छबी डोळ्यांत साठवून सूड घेतो. नागीण बाईचे रूप घेते ही गंमत, हे मुलांना कळते. चिरेतून विष ओढता येते हीही तशीच गंमत आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रार्थनागृहाच्या भिंतीवर कालाम सुत्ताचा सारांश लिहिलेला होता. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नये, स्वतः पडताळून पाहावे, असा त्याचा आशय. आम्ही तो रोज पाहात होतो. सर म्हणाले, त्या यादीत आता पडदाही धरा.

चित्रपट बंद झाले नाहीत. त्याऐवजी एक वही आली. डाव्या पानावर 'गंमत' आणि उजव्या पानावर 'तपास'. डाव्या पानावर काय आवडले ते मनसोक्त लिहायचे आणि तेथे कोणी वाद घालायचा नाही. उजव्या पानावर मात्र या चित्रपटातली कोणती गोष्ट आपण नकळत खरी धरून चाललो आहोत, ती शोधायची आणि पडताळायची. उडणारा माणूस तपासण्यात अर्थ नव्हता. डोक्याला मार लागून गेलेली स्मृती दुसऱ्या माराने परत येते का, हे तपासण्यात होता. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला, तेव्हा डावे पान तात्या विंचूच्या बाहुल्याने भरून गेले. उजव्या पानावर एकाने लिहिले: 'बाहुला स्वतः हलत नाही, रामदास पाध्ये त्याला हलवतात. पण मंत्राने माणूस मरतो असे आमच्या वाडीत खरेच मानतात. त्याचे काय?' त्या ओळीखाली सरांनी दोनदा रेघ मारली होती.

वहीच्या निमित्ताने आम्हांला दोन वडीलधारी माणसे भेटली. एक दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे पाठ्यपुस्तकात होते. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करीत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला होता आणि तो पाहून पैसे घालणारा माणूस तयार झाला, हे नव्याने कळले. डोळ्याला कधीच न दिसणारे, तरीही पूर्ण खरे असे ते दृश्य होते. हेच फाळके एके काळी आपले नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोग करीत. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून त्यांनी नागाशी झुंजवले. खरा अंकुर आणि खोटा नाग, दोन्ही एकाच माणसाने पडद्यावर आणले.

दुसरे डॉ. जयंत नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे नाव. आपल्या प्रसिद्धीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाला कल्पित गोष्ट रचण्याची लाज वाटली नाही आणि गोष्ट रचताना विज्ञान सोडावेसेही वाटले नाही, याचा आम्हांला फार आधार वाटला. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना ती वही आठवली.

शाळा सुटली, आम्ही पांगलो, पण सवय सुटली नाही. 'जुरासिक पार्क' हिंदीत आला आणि आम्ही निरनिराळ्या गावांत बसून एकच टाळी वाजवली. अंबरातल्या डासाच्या पोटातून डायनोसॉर जन्माला येणे किती कठीण, हे पुढे २०१२ च्या एका अभ्यासाने स्पष्ट केले. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून निघालेल्या त्या हिशेबाप्रमाणे डीएनएचे निम्मे दुवे सुमारे ५२१ वर्षांतच तुटतात. डायनोसॉर गेले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तरीही ओल्या चिखलात उमटलेले ते पाऊल आणि पेल्यातल्या पाण्यावर उठलेली वर्तुळे आठवली की आजही अंगावर काटा येतो. तो काटा डाव्या पानावरचा. २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मध्ये किप थॉर्न यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होता, म्हणून त्याचे कृष्णविवर इतके विश्वासार्ह झाले. पण आमच्या लेकरांना त्यात रडवले ते वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलीने.

आम्ही पालक झालो तेव्हा नव्या काळज्या आल्या. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला आणि मुलांनी नक्कल करू नये म्हणून नायकाला पडद्यावरून समजावावे लागले. सरांचे म्हणणे तेवढे सोपे नव्हते, हे तेव्हा कळले. फारच लहान मुलाला उघडे खोटेही खरे वाटू शकते. त्याच्याजवळ सकाळी प्रश्न ऐकून घेणारे कोणी मोठे माणूस लागते. आणि आज तर हातातल्या फोनवर येणारी चित्रफीत पेटारा उघडूनही दाखवत नाही. सिनेमा निदान स्वतःला सिनेमा म्हणतो.

गेल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात रात्री पुन्हा तोच चित्रपट लावला. सतरंज्यांच्या जागी खुर्च्या होत्या, पण बरेच जण खालीच बसले. सर पुढच्या रांगेत होते. फुरसे चावलेला तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि त्याच्या वाडीत कोणाला साप चावला तर मांत्रिकाच्या आधी त्याला हाक जाते. तो बांधत नाही, चिरत नाही. पाय स्थिर ठेवतो आणि १०८ ला फोन करतो. त्याची मुलगी त्याच्या मांडीवर टेकून पाहात होती. नायकाने यंत्र दाबले, तो दिसेनासा झाला आणि ती एकदम सरळ बसून म्हणाली, "बाबा, पण मग त्याला स्वतःला कसं दिसतं?"

आम्ही सगळे वळलो. सरही वळले. तिच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले, सरांकडे पाहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ता उद्या सकाळी सांगतंय," तो म्हणाला. "आता सिनेमा बघ."